अनसाची वजिरावजिरी

एका ओढ्याच्या काठी दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. पाण्यावरून डोकी फुटायला लागली, तेव्हा जाणत्यांनी तोड काढली. दरवर्षी जत्रेत बुद्धिबळाचा एक डाव मांडायचा आणि जिंकेल त्या वाडीने उन्हाळ्यात आधी पाणी घ्यायचं.

वरच्या वाडीचे दौलतराव पाटील खेळात वस्ताद, आणि जिभेने त्याहून वस्ताद. डाव धड मांडून होत नाही तोच ते आपला वजीर समोरच्या वजिराला भिडवायचे आणि म्हणायचे, मर्द असशील तर हलवू नकोस. खालच्या वाडीचे नारबा तेवढ्यानेच पेटायचे. झाली वजिरावजिरी! पाटलांनी मारलेल्या वजिराचा वचपा नारबांना राजाने काढावा लागे. राजा असा घराबाहेर पडला, की पाटलांचे घोडे त्याला पटभर पळवायचे. खालच्या वाडीतल्या मिरच्या दर उन्हाळ्यात उभ्या वाळायच्या, पण नारबांची मर्दुमकी तेवढी शाबूत राहायची.

यंदा नारबा तापाने फणफणले होते, म्हणून त्यांची लेक अनसा पटावर बसली. पाटलांनी नेहमीप्रमाणे वजीर भिडवला. अनसाने मुकाट्याने आपला उंट मध्ये आणून बसवला.

"भ्यालीस होय गं पोरी?" पाटील म्हणाले.

वरची वाडी खदखदा हसली. घोंगडी पांघरून बसलेल्या नारबांनीही मान फिरवली आणि वाडीचं नाक कापलंस म्हणून पुटपुटले. ते मात्र अनसाला झोंबलं. डोळे भरून आले, हात वजिराकडे जायला शिवशिवला. तिने तो मांडीखाली दाबून धरला.

पाटलांना याची सवय नव्हती. चिडून त्यांनी वजीर एकटाच पुढे घातला, इकडेतिकडे दौडवला आणि त्या नादात दोन प्यादी गमावून बसले. तेव्हा कुठे अनसाने आपल्या वजिराने शह दिला. आता राजापुढे आडवा घालायला पाटलांकडे वजिराशिवाय काही उरलं नव्हतं.

"काका, करू या आता वजिरावजिरी," ती म्हणाली.

पाटील म्हणाले, "मघाशी तर पळत होतीस."

"मघाशी ती तुमच्या सोयीची होती. आता माझ्या आहे."

दोन्ही वजीर पटावरून गेले. मग अनसाचं एक प्यादं रमतगमत शेवटच्या घरात पोचलं आणि तिचा वजीर परत उभा राहिला. पाटलांनी आपला राजा आडवा केला.

नारबा तशाच तापात उठले, खांद्यावर फावडं टाकलं आणि पाणी वळवायला निघाले.

तात्पर्य: कुणी भित्रा म्हणेल म्हणून हातचा वजीर देऊ नये; द्यायचाच झाला तर आपला डाव पाहून द्यावा, आणि तोवर हसणाऱ्यांना खुशाल हसू द्यावं.