गुळगुळ्याचं घर आणि आत्याच्या तीन भाकऱ्या

"ह्या शेतात माझ्याएवढं मोठं घर कुणाचं नाही! सात मजली आहे, सात मजली!" गुळगुळ्या गांडूळ सगळ्यांना सांगायचा.

मग स्वतःच हळूच म्हणायचा, "म्हणजे मजले नाहीत. एक भोक आहे. सात मी उगाच म्हटलं. मला तीनपर्यंतच येतं."

असा हा गुळगुळ्या. लाल लाल. ओला ओला.

एकदा तो घरात निजला होता. वरून आवाज आला.

फराऽऽक!

नांगर आला. नांगर गेला. अर्धं घर घेऊन गेला! गुळगुळ्या उन्हात उताणा पडला. उताणा की पालथा? गांडुळाचं काही कळत नाही.

"नांगरदादा, नांगरदादा, हे काय केलंस?"

"उभी नांगरट केली," नांगर म्हणाला. "आता आडवी करणार. उरलेलं घर तेव्हा नेईन. आत्याची न्याहारी झाली की लगेच!"

शेत होतं ठकूआत्याचं. आत्या बसली होती बाभळीखाली. बाजूला पाण्याचा तांब्या. पुढ्यात फडकं. फडक्यात भाकऱ्या. एक, दोन, तीन. वर मिरचीचा ठेचा. आत्या खात होती. मचक मचक, मचक मचक.

"नांगरदादा, थांब ना!"

"मी कसा थांबू? बैलजोडी अडली, तर मी थांबेन."

गुळगुळ्या निघाला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. बैलजोडीकडे गेला.

"बैलमामा, बैलमामा, अडून बसा!
नांगर थांबेना,
माझं घर वाचेना!"

एक बैल म्हणाला, "अडून बसायला..."

दुसरा बैल म्हणाला, "...परवानगी लागते. आत्यानं ऐकलं, तर आम्ही अडू."

मचक मचक. आत्याच्या भाकऱ्या उरल्या दोन.

गुळगुळ्या निघाला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. आत्याकडे गेला.

"आत्या, आत्या, ऐक ना!
बैलजोडी अडेना,
नांगर थांबेना,
माझं घर वाचेना!"

आत्याच्या तोंडात घास. "अये आबा, ए अवत बघ!"

"आत्या, गिळ आधी."

आत्यानं गिळला. "अरे बाबा, हे गवत बघ! शेत कसं अंगणासारखं लख्ख पाहिजे. मी दरवर्षी झाडते. दरवर्षी नांगरते. ह्या वर्षी रांगोळीपण काढणार आहे! गवत निजलं, तर मी ऐकेन."

मचक मचक. उरली दीड भाकरी.

गुळगुळ्या निघाला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गवताकडे गेला.

"गवतताई, गवतताई, नीज ना!
आत्या ऐकेना,
बैलजोडी अडेना,
नांगर थांबेना,
माझं घर वाचेना!"

"अशी उघड्यावर निजू?" गवत म्हणालं. "ऊन डोळ्यांवर येतं. पांघरूण नको? पाचोळा अंगावर बसला, तर मी निजेन."

मचक मचक. उरली एक भाकरी.

गुळगुळ्या निघाला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. बांधावर पाचोळ्याचा ढीग होता. आत्यानंच झाडून टाकलेला. ज्वारीची पानं, तुरीची पानं, आणि आत्याची हरवलेली एक चप्पल.

"पाचोळेभाऊ, पाचोळेभाऊ, शेतात बस ना!
गवत निजेना,
आत्या ऐकेना,
बैलजोडी अडेना,
नांगर थांबेना,
माझं घर वाचेना!"

"मी बसतो रे!" पाचोळा म्हणाला. "पण वारा शिंकतो, आणि मी भुर्रर्र! वारा दमला, तर मी बसेन."

मचक मचक. उरली अर्धी भाकरी.

गुळगुळ्या निघाला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. वारा होता शेताच्या मधोमध. कोरडी माती चिमटीत धरायचा. नाकात ओढायचा. आजोबा तपकीर ओढतात ना, तशी!

"वारेबुवा, वारेबुवा, दमा ना!
पाचोळा बसेना,
गवत निजेना,
आत्या ऐकेना,
बैलजोडी अडेना,
नांगर थांबेना,
माझं घर वाचेना!"

"मी कसा दमू? आ... आ... आऽऽक्छी!"

धूळ उडाली. गुळगुळ्या तीन कोलांट्या खाऊन खाली आला.

वारा नाक पुसत म्हणाला, "नांगर माती फोडतो. आत्या शेत झाडते. मला फुकट तपकीर! माती ओली झाली, तर मी दमेन."

मचक मचक. उरला एक घास. एकच!

गुळगुळ्या निघाला. घाईत निघाला. सुळुकसुळुकसुळुकसुळुक! मातीकडे गेला. म्हणजे होता तिथेच खाली वाकला.

"मातीमाय, मातीमाय, ओली हो ना!
वारा दमेना,
पाचोळा बसेना,
गवत निजेना,
आत्या ऐकेना,
बैलजोडी अडेना,
नांगर थांबेना,
माझं घर वाचेना!"

"मी कशी ओली होऊ?" माती म्हणाली. "पाणी वरून येतं, वरूनच पळतं. आत यायला वाटच नाही. कुणी मला भोकं पाडली, तर मी ओली होईन."

"कोण पाडतं भोकं?"

"गांडूळ पाडतं."

गुळगुळ्यानं इकडे पाहिलं. गुळगुळ्यानं तिकडे पाहिलं.

"मातीमाय, हे गांडूळ राहतं कुठे?"

"अरे येड्या, तूच की!"

"अय्यो! मीच की!"

आत्यानं शेवटचा घास उचलला. ठेच्याला लावला. तोंडाजवळ नेला.

गुळगुळ्यानं डोकं खुपसलं. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक! एक भोक. खुडुक खुडुक! दोन भोकं. खुडुक खुडुक! तीन भोकं. पुढचं त्याला मोजता येईना, म्हणून परत एकपासून पाडली.

तेवढ्यात वारा आला. "आ... आ... आऽऽक्छी!"

आत्याचा तांब्या कलंडला. पाणी धावलं. रोज बांधाकडे पळायचं. आज भोकं दिसली!

गुडगुडगुडगुड! पाणी आत.

"आहाहा!" माती म्हणाली.

मग काय!

माती झाली ओली.
वाऱ्याला तपकीर मिळेना. तो दमला. बाभळीत जाऊन बसला.
पाचोळा बांधावरून उठला. सर्र सर्र चालत आला. शेतात बसला.
गवताला पांघरूण मिळालं. ते निजलं. घुर्रर्र!

आत्यानं घास गिळला. हात धुवायला गेली, तर तांब्या रिकामा. पदराला हात पुसले. कंबर धरून उठली.

"चला रे बैलांनो! आडवी करायची! हर्र..."

"शूऽऽऽ!" गुळगुळ्या म्हणाला. "गवत निजलंय."

आत्यानं पाहिलं. गवत दिसेना. शेतभर पाचोळा. आत्यानं पाचोळा उचलला. खाली माती गार. माती मऊ. बोट लावलं, तर बोट आत!

"अगंबाई! नांगर न लावता?" आत्या म्हणाली. "पण लोक काय म्हणतील? आणि माझी रांगोळी?"

"लोकांना भाकरी दे. तोंडात घास असला, की बोलता येत नाही," गुळगुळ्या म्हणाला. "रांगोळी दारात काढ."

आत्या हसली. आत्यानं ऐकलं.
बैलजोडी अडली. एक म्हणाला, "आम्ही अडून..." दुसरा म्हणाला, "...बसलो!" आणि दोघं खरंच बसले.
नांगर थांबला. लगेच एक कोंबडी त्याच्यावर चढली.
आणि गुळगुळ्याचं घर वाचलं!

आत्यानं काठी घेतली. मऊ मातीत टोचली. टुपुक! आत बी टाकलं. टुपुक! दुसरं बी. सगळं शेत टुपुक टुपुक! थोड्या दिवसांनी पाचोळ्यातून हिरवे हिरवे कान वर आले.

आत्या खूश झाली. तिनं गुळगुळ्याला बोलावलं.

"गुळगुळ्या, तुझं अर्धं घर माझ्या नांगरानं मोडलं. आता हे सगळं शेत तुझं घर. इथे नांगर येणार नाही."

गुळगुळ्या फुगला. इकडून तिकडे ताठ झाला.

"मग आत्या, माझ्या घरात यायचं, तर चपला बाहेर काढायच्या. पाय पुसूनच आत यायचं!"

आत्यानं कमरेवर हात ठेवले.

"येते की, पुसून येते! पण आधी तू तुझे पाय पुसून दाखव!"