मुंगीचा कण आणि तापलेली डिस्क

खरं तर ही गोष्ट मी सांगायची नाही.

वैजूमावशीने मला बजावलंय, “केतकी, त्या कव्हरचं कुठे बोलू नकोस हं. लोक हसतील मला.”

पण तुम्ही लहान आहात. तुम्ही तर सगळ्यालाच हसता. म्हणून तुम्हाला सांगते. जवळ या. अजून जवळ. मावशी आत आहे, हळू बोलायचं.

मावशीच्या गल्लीत माग आहेत. कापड विणायचे माग. खटाक् खट्, खटाक् खट्! दिवसभर चालतात. कापसाची तुसं उडतात. भुरभुर, भुरभुर. खिडकीतून आत येतात. केसांवर बसतात. चहात पडतात.

मावशीकडे कॉम्प्युटर आहे. त्याचा काळा डबा टेबलाखाली उभा असतो. डब्यात राहते हार्ड डिस्क. ती गरगर फिरते आणि सगळं लक्षात ठेवते. मावशी साड्यांच्या काठांची नक्षी काढते. मोर, कुयऱ्या, वेली. ती नक्षी डिस्कच्या लक्षात. शानूचं बेडकाचं गाणं, तेही डिस्कच्या लक्षात.

शानू म्हणजे मावशीचा मुलगा. तुमच्याएवढाच आहे.

आणि टेबलाखाली, फरशीच्या फटीत, राहते एक मुंगी. इवलीशी. तिची एक धाकटी बहीण आहे. ती तर मुंगीहून इवली. तिला अजून चालता येत नाही. ती घरात पडून असते आणि वाट बघते.

कशाची? कणाची!

रोज दुपारी काय व्हायचं, सांगू? कॉम्प्युटरवर बेडकाचं गाणं लागायचं. शानू आ करायचा. मावशी गूळ-पोळीचा लाडू भरवायची. शानू हसायचा. हसला की लाडवाचा एक कण खाली पडायचा.

टप्!

मुंगी तो उचलायची आणि घरी न्यायची. तुरुतुरु तुरुतुरु.

एके दिवशी गाणं लागलं.

“डराव डराव, तळ्यात पाणी गार,
डराव डराव, बेडका, उडी मा—”

आणि बंद!

शानूने तोंड मिटलं. घट्ट.

“आ कर राजा,” मावशी म्हणाली.

“नाई! बेडूक लाव!”

“बिघडलाय रे तो. खा बघू.”

“बेडूक!”

खाली मुंगी उभी. वर बघते. टप् नाही. कण नाही. मुंगीला चैन पडेना. इकडे गेली, तिकडे गेली. मग शानूच्या अंगठ्यापाशी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

“शानूदादा, शानूदादा, लाडू खा ना!
कण काही पडेना,
घरी बहीण भुकेली!”

शानू म्हणाला, “मी नाही जा! गाणं लागत नाही. गाणं लागलं की खाईन.”

मुंगी म्हणाली, “बरं.” आणि निघाली. वायरवर चढली. वायरवरून डब्यात शिरली. तुरुतुरु तुरुतुरु.

बाई बाई बाई, आत केवढं गरम! पाय ठेवला की चटका, पाय उचलला की चटका. मुंगी नाचत नाचतच डिस्कपाशी गेली. डिस्क कण्हत होती. कट् कट्. कट् कट्.

“डिस्कताई, डिस्कताई, गाणं लाव ना!
गाणं लागेना,
शानू खाईना,
कण काही पडेना,
घरी बहीण भुकेली!”

डिस्क म्हणाली, “मी नाही जा! कट् कट्. अंग बघ माझं, केवढं तापलंय! मला काही आठवत नाही. बेडकाने उडी मारली की बुडी मारली? मोराला पाय दोन की चार? अशीच तापत राहिले ना, तर सगळं विसरून जाईन. पंखा फिरत नाही. पंखा फिरला की निवेन. निवले की गाणं लावेन.”

मुंगी घाबरली. सगळं विसरणार? बेडूकसुद्धा? मग रोजचा कण?

“बरं,” म्हणाली आणि पळत निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

डब्याच्या तोंडाशी पंखा होता. फिरत नव्हता. नुसता थरथरत होता. घुर्र… खक्. घुर्र… खक्.

“पंखेदादा, पंखेदादा, फिर ना!
डिस्क निवेना,
गाणं लागेना,
शानू खाईना,
कण काही पडेना,
घरी बहीण भुकेली!”

पंखा म्हणाला, “मी नाही जा! खक् खक्. कसा फिरू? पात्यांत बोळा अडकलाय. कापसाचा बोळा. बोळा निघाला की फिरेन.”

“बरं.” तुरुतुरु तुरुतुरु.

बोळा होता मऊ मऊ, राखाडी, गुबगुबीत. पात्यांत पाय अडकवून झोपला होता. मुंगीने त्याला हलवलं. तो जांभई देत उठला.

“बोळोबा, बोळोबा, निघा ना!
पंखा फिरेना,
डिस्क निवेना,
गाणं लागेना,
शानू खाईना,
कण काही पडेना,
घरी बहीण भुकेली!”

बोळा म्हणाला, “मी नाही जा! मी का मुद्दाम बसलोय? खालच्या फटीतून आत आलो. एक तूस आलं, दुसरं आलं, आमचा बोळा झाला. आता जाऊ कुठून? बाहेर कव्हर आहे. कव्हर हललं की कुणाला तरी मी दिसेन. दिसलो की निघेन.” आणि पुन्हा झोपला. घुर्रर्र फूस.

“बरं.” तुरुतुरु तुरुतुरु.

आता कव्हरचं ऐका. पण हेच सांगायचं नाहीये हं. हळू.

कव्हर मावशीने स्वतः विणलंय. पांढऱ्या दोऱ्याचं, क्रोशाच्या सुईने. आत जाड अस्तर लावलंय. कडेला झालर, मधे मोठ्ठं फूल. तुसं बसू नयेत म्हणून मावशीने ते डब्यावर घातलं. कॉम्प्युटर बंद असला तरी कव्हर. चालू असला तरी कव्हर! डब्याचं नाक बंद, तोंड बंद, वारा नाही.

मुंगी झालरीला लोंबकळून वर चढली.

“कव्हरबाई, कव्हरबाई, हला ना!
बोळा निघेना,
पंखा फिरेना,
डिस्क निवेना,
गाणं लागेना,
शानू खाईना,
कण काही पडेना,
घरी बहीण भुकेली!”

कव्हर म्हणालं, “मी नाही जा! आणि पाय पुसून चढ, परवाच धुतलंय मला. म्हणे हला! मला मावशीने घातलंय. मावशी उठली की हलेन.”

“बरं.” तुरुतुरु तुरुतुरु.

मुंगी मावशीच्या पायापाशी गेली. मावशी पाटावर बसली होती. हातात लाडू, समोर शानू. शानूचं तोंड मिटलेलं.

“मावशी, मावशी, ऊठ ना!
कव्हर हलेना,
बोळा निघेना,
पंखा फिरेना,
डिस्क निवेना,
गाणं लागेना,
शानू खाईना,
कण काही पडेना,
घरी बहीण भुकेली!”

बाहेर माग खटाक् खट्, खटाक् खट्. मुंगीचा आवाज केवढा? मावशीला ऐकूच गेलं नाही. ती शानूलाच म्हणत होती, “मी नाही उठत जा! तू खाल्ल्याशिवाय जागची हलणार नाही. बघू कोण दमतं ते!”

“बेडूक!” शानू म्हणाला.

झालं! मुंगी पुन्हा शानूकडे निघाली. तुरुतुरु तुर… आणि मधेच थांबली.

शानू खाईना, म्हणून मावशी उठेना.
मावशी उठेना, म्हणून शानू खाईना!

सगळे गोल गोल बसलेत. एकमेकांकडे बघत बसलेत. कुणीच आधी उठत नाही.

डब्यातून आवाज आला. कट् कट्. कट् कट् कट्.

मुंगीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. घराकडे बघितलं. मग वर बघितलं. पांढरं पांढरं कव्हर. त्यावर एक डागसुद्धा नाही.

मुंगीने मिशा हलवल्या. फटीतून दुसरी मुंगी आली. तिच्यामागे तिसरी. तिच्यामागे काकू, आत्या, मामा, सगळेच आले. कुणी विचारलं नाही, काय गं, कशाला गं. रांग लावली आणि निघाले. झालरीवरून वर. फुलावरून पलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु.

पांढऱ्या कव्हरवर काळी रेघ!

मी टेबलाशेजारी बसून गृहपाठ करत होते. मला दिसली. शानूलाही दिसली. त्याने बोट दाखवलं.

“आई, मुंगी!”

मावशीने मान वळवली.

“अगं बाई! माझ्या कव्हरवर मुंग्या! केतकी, बघत काय बसलीस? परवाच धुतलंय गं ते!”

आणि मावशी उठली!

कव्हर ओढलं. कव्हर हललं! मुंग्यांनी धडाधड उड्या मारल्या. टप् टप् टप् टप्. मावशीने गॅलरीत जाऊन कव्हर झटकलं. फट्! फट्! मग आत आली आणि डब्यावर हात ठेवला.

“आई गं! हा तर तव्यासारखा तापलाय! केतकी, बटण बंद कर. वायर काढ आधी.”

मी बटण बंद केलं. वायर काढली. मावशीने डबा उघडला. आत वाकून बघितलं.

“अगं, इथे तर कुणाची उशी झालीये!”

तिने मऊ ब्रश घेतला. पातं बोटाने धरलं. हळू हळू, हळू हळू… भप्! बोळा निघाला! एवढा मोठा! शानू खदखदून हसला.

मावशी हसली नाही. ती बोळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “धूळ बसू नये म्हणून झाकत होते मी. आणि आत हा डबा गुदमरत होता. माझे मोर गेले असते सगळे.”

“आता लाव बेडूक,” शानू म्हणाला.

“थांब. निवू दे.”

मग आम्ही थांबलो. थांबणं फार कठीण असतं. मुंगी येरझाऱ्या घालत होती. शानूही येरझाऱ्या घालत होता.

“निवला?”

“नाही रे.”

“आता निवला?”

“अजून कोमट आहे.”

“आता?”

मावशीने डब्यावर तळहात ठेवला. मग शानूचा हात ठेवला. मग माझाही.

“गार,” शानू म्हणाला.

वायर लावली. बटण दाबलं. आणि मग बघा हं, सगळे मिळून म्हणू या.

मावशी उठली,
कव्हर हललं,
बोळा निघाला,
पंखा फिरला, घुर्रर्रर्र!
डिस्क निवली, हुश्श!
आणि गाणं लागलं!

“डराव डराव, तळ्यात पाणी गार,
डराव डराव, बेडका, उडी मार!”

विसरली नव्हती डिस्क. उडीच होती. बुडी नव्हती. मावशीने लगेच मोरही उघडून बघितले. पाय दोनच होते.

शानूने आ केला. मावशीने लाडू भरवला. शानू हसला.

टप्!

कण पडला. रोजच्यापेक्षा मोठा. गुळाने चकचकीत. मुंगीने त्याला पुढून धरलं, मागून धरलं, मग डोक्यावर घेतला. कण एवढा आणि मुंगी एवढीशी. फटीतून धाकटी बहीण तोंड काढून बघत होती. मुंगी तिला म्हणाली—

“केतकी! अगं ए केतकी! कॉम्प्युटर बंद केलाय मी. हात लावून बघ गं, डबा निवलाय का? मग कव्हर घालते!”

आले मावशी!

मावशी मला विचारल्याशिवाय आता झाकत नाही. जायला हवं. तुम्ही कुणाला सांगू नका हं. तर मुंगी तिला म्हणाली, “आ कर,” आणि बहिणीने इवलासा आ केला, आणि मुंगीने तो कण तिच्या तोंडात—

“केतकी, कोमट आहे का गार, सांग लवकर!”