ताठेराव महाराजांच्या फटफटीची चेन

फटफटीची चेन तिसऱ्यांदा तुटली, आणि तीही ऐन मिरवणुकीत, देवीच्या चढावर! गाडी ताठेराव महाराजांना घेऊन उलटी घरंगळली, मागून येणाऱ्या वाजंत्र्यांत घुसली आणि महाराज थेट ढोलावर जाऊन बसले. ढोल फुटला. महाराज आत!

चौघांनी ओढून बाहेर काढल्याबरोबर ते गरजले, "केरबाला बोलवा!"

केरबा म्हणजे राजवाड्यातला मिस्त्री. बिचारा हातातला पाना पाठीमागं लपवत समोर आला.

"चेन का तुटली?"

"सरकार, लई ताणल्याली हुती. बोटानं दाबली की अंगठाभर हलाया पायजे तिनं. पर तुमीच म्हनला हुता..."

"म्हणालो होतो! अजूनही म्हणतो! आमचे शिपाई ताठ, आमच्या मिशा ताठ, आणि चेन तेवढी लोंबती? आमच्या राज्यात सैल काही चालणार नाही! उद्या सकाळी आम्ही स्वतः बघू. चेन ताठ हवी, आणि चढावर तुटताही कामा नये. नाहीतर जन्मभर चेनीच्या जागी तुला जुंपू!"

केरबा घरी आला तो उंबऱ्यावरच मटकन बसला. बायकोनं, ठकूबाईनं, भाकरी पुढं केली, तर त्यानं ती बाजूला सारली.

"अवं, चेन ती चेन. आवळा आन मोकळं व्हा!"

"तसं न्हाई गं. महाराज बसलं की गाडी मागनं खाली दबती, आन चेन आपसूक ताणती. आदीच ताणून ठिवली तर तुटंल न्हाईतर काय? आन सैल ठिवली तर महाराज बघताक्षणी जुंपनार मला. इकडं आड, तिकडं विहीर!"

ठकूबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. "म्हंजी महाराज बसलं की ताठ, आन उठलं की सैल?"

"व्हय."

ठकूबाई खुदकन हसली. "मंग त्यात चेनीचं काय चुकलं? तुमी खुशाल सैल ठिवा. म्होरलं मी बघती."

केरबाला काही ते पटलं नाही. पण आजवर बायकोपुढं त्याचं काही चाललं होतं, असंही नव्हतं. त्यानं मागच्या चाकाचे नट सोडले, चाक जरासं पुढं घेतलं आणि चेन अंगठाभर सैल करून नट पुन्हा आवळले.

सकाळी वाड्याच्या चौकात सगळा दरबार रांगेत ताठ उभा. महाराजांनी चेनीला बोट लावलं मात्र, चेन टुणकन हलली!

"केरबा! दोर आणा रे! जुंपा याला!"

शिपाई दोर घेऊन धावले. तेवढ्यात ठकूबाई पदर खोचून पुढं झाली. "थांबा की, सरकार! बसल्याबिगर कसं कळंल? बसून बघा!"

महाराज बसले. स्प्रिंगा कण्हल्या, गाडी खाली दबली. आता महाराजांनी वाकून बघितलं, तर मधे पोट! शेवटी दिवाणांनी चेनीला बोट लावलं.

"ताठ आहे, सरकार!" दिवाण म्हणाले. चेन केसभर हलली होती, पण ते सांगायला दिवाण काही वेडे नव्हते.

महाराज तसेच चढावर निघाले. फट फट फट! केरबानं डोळे गच्च मिटले. गाडी वर गेली, देवळाला वळसा घालून खाली आली, आणि चेन शाबूत! केरबानं देवीला तिथूनच हात जोडले.

पण महाराज कसले हटतात! उतरले, चेन दाबली, चेन हलली, आणि त्यांचा पारा चढला. "आम्ही उतरलो की ही परत सैल! हा उद्धटपणा आहे! आम्ही असू-नसू, चेन ताठच पाहिजे!"

"जी सरकार," ठकूबाई म्हणाली. "फकस्त एकदा त्या चिंचेमागं लपा, आन हळूच दरबाराकडं बघा."

महाराज चिंचेमागं गेले. पोट दोन्ही बाजूंनी दिसत होतं, पण तोंड दिसेनासं झालं, तेवढं दरबाराला पुरलं. दिवाणांनी पगडी काढून खसाखसा डोकं खाजवलं. शिपाई भाल्यांवर रेलले. सेनापतींनी अंगरख्याचे बंद सोडून हुश्श केलं, तसं त्यांचंही पोट बाहेर आलं.

महाराज पुढं आले. दरबार ताठ!

पुन्हा चिंचेमागं. दरबार सैल!

पुन्हा पुढं. पुन्हा ताठ! मग महाराज अशा चार-पाच खेपा घालत राहिले, आणि सेनापती बंद बांधून-सोडून घामाघूम झाले.

"बघा सरकार," ठकूबाई म्हणाली, "तुमच्या दरबारापरमानंच हाय की चेन! तुमी बसला की ताठ, उठला की सैल. दरबार तर पगार घेऊन ह्ये करतोय, चेन बिचारी फुकाट करती!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "मग यांनाही आवळतो! सगळ्यांना! रात्रंदिवस ताठ!"

"आवळा की! पर एक दिस समदी कडाकड तुटतील. मंग सरकार, चढावर फटफटी ढकलाया कोन? तुमी आन मी?"

  महाराजांचं पोट आधी हललं, मग खांदे, मग मिशा, आणि ते असे खदाखदा हसले, की त्यांच्या सोन्याच्या कमरपट्ट्याची कडीच तटकन उडाली!

"हाहाहा! बाई, जिंकलीस!" डोळे पुसत महाराजांनी तो कमरपट्टा तिच्या हातात ठेवला. "हा तुला! आणि केरबा, आजपासून चेन किती सैल ठेवायची ते तू सांगायचं, आम्ही ऐकायचं!"

ठकूबाईनं कमरपट्टा तिथंच बांधून बघितला. दोन वेढे बसले, वर वीतभर उरला.