महिपतीनं कळ काढली

एका गावात महिपती नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा आपलं लोकलाजेस्तव म्हणायचं. अक्कल वाटत होते तेव्हा हाही रांगेत होता म्हणे, पण कुणीतरी "सरक" म्हणालं आणि हा जो सरकला तो थेट घरी आला.

त्याची बायको सुगंधा मात्र हुशार. घरी बसून वकिलांचे कागद टाइप करायची. कीबोर्डच्या बटणाला ती कळ म्हणायची, कारण तिचे टायपिंगचे मास्तर जुन्या वळणाचे होते. आता तिला नववा महिना लागलेला, बोटं सुजलेली आणि जुन्या कीबोर्डच्या कळा दगडासारख्या घट्ट. बाळंतपणाआधी काम पुरं झालं नाही तर वकील ते दुसरीला देणार होते. म्हणून तिनं नवऱ्याला तालुक्याला धाडलं. हलक्या कळांचा कीबोर्ड आणा, पण घेण्याआधी दाबून बघा, असं दोनदा सांगितलं.

दुकानदार कुंदनशेठनं नमुन्याची पाटी पुढे ठेवली. तिच्यावर डझनभर कळा. निळ्या कटकट वाजणाऱ्या, तपकिरी मध्येच अडणाऱ्या, लाल अलगद खाली जाणाऱ्या. तेवढ्यात शेठचा फोन वाजला. "जरा कळ काढा, आलोच," म्हणून ते आत गेले.

महिपतीनं कळ काढली. नखानं उचकटून बाजूला ठेवली. शेठ अजून आले नव्हते, म्हणून दुसरी काढली. शेठ आले तेव्हा पाटी बोडकी झाली होती आणि कळा ओळीनं मांडल्या होत्या. शेठनं कपाळाला हात लावला.

"तुम्ही एकच म्हणाला होता," महिपती म्हणाला, "पण तुम्हाला वेळ लागला."

रिकाम्या हातानं घरी आला. सुगंधानं डोकं शांत ठेवून समजावलं, की अहो, कळ काढा म्हणजे थांबा. मुकाट उभं राहायचं, कशाला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनं मन मोठं करून दुसरी पाटी आणली आणि म्हणाले, "ही लाल कळ बघा." कळ शब्द कानावर पडताच महिपती हाताची घडी घालून थांबला. शेठनं विनवलं, महिपती थांबला. गिऱ्हाइकं येऊन गेली. शेठनं शटर ओढलं, तेव्हा कुठे हा ठोंब्या बाहेर पडला.

सुगंधाच्या डोळ्यांत पाणीच आलं. कागदांचा गठ्ठा तसाच पडला होता आणि दिवस भरत आले होते. ती म्हणाली, दुकानात कळ म्हटलं की दाबायची. आवाज येईपर्यंत दाबायची.

तिसऱ्या दिवशी शेठ गाल धरून बसले होते. दाढ सुजून टम्म. "आज नको हो," ते कण्हले. "दाढेत कळ आहे."

महिपतीनं गालावर अंगठा ठेवला आणि दाबला. आवाज आला. समोरच्या रसवंतीपर्यंत गेला.

"ही फार वाजते," महिपती म्हणाला. "अलगद जाणारी दाखवा."

शेठनं दोन्ही हात जोडले. म्हणाले, पुन्हा दुकानाची पायरी चढू नका. माल मी घरी पाठवतो. घरीच दाबून बघा, पटला नाही तर आठ दिवसांत परत पाठवा, पावती मात्र जपून ठेवा. महिपतीनं हे सगळं पाठ केलं. पाठांतर चांगलं होतं मेल्याचं, तेवढंच काय ते होतं.

चौथ्या दिवशी सकाळी तो न्हाव्याकडे दाढीला बसला होता. अर्ध्या गालाला साबण. तेवढ्यात आईचा फोन आला.

"महिपती, सुगंधाला कळा आल्या रे. लवकर ये."

महिपतीला कोण आनंद झाला. शेठ शब्दाचा पक्का निघाला.

"मग मी येऊन काय करू?" तो म्हणाला. "तिलाच दाबून बघू दे. जड वाटल्या तर परत पाठव."

आईनं रागानं फोन कापला आणि शेजारच्या टेंपोवाल्याला हाक मारली. न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. टेंपो दवाखान्याच्या वाटेला लागला, आत सुगंधा आईचा हात घट्ट धरून ओरडत होती, आणि आईचा फोन वाजला.

"आई, आवाज इथपर्यंत येतोय, म्हणजे निळ्याच पाठवल्या त्यानं," महिपती म्हणाला. "घाबरू नको. आठ दिवसांत बदलून देतात. पावती तेवढी मागून घे."