नऊ पातळ्यांचा नेचा

"पण आप्पा, यात चूक आहे तरी कुठे?"

ओसरीवर बसून कोंडिबाआप्पा रद्दी पेपराच्या घडीत एक रोप दाबत होते. एकेक पान बोटाने सरळ करायचं, वर पेपर, पेपरावर फळी, फळीवर दगड.

शर्वरीने लॅपटॉप आणखी पुढे सरकवला. साडेतीन वाजून गेले होते. पाच वाजता चित्र छपाईला जायचं होतं.

"आप्पा, ऐकताय ना?"

"ऐकतोय की. पानाला ऐकू येत न्हाई, मला येतं."

हे कोंडिबा ढेबे सातवी शिकलेले. एका कॉलेजात झाडपाला वाळवून कागदावर चिकटवायच्या कामाला लागले, आणि तीस वर्षांत तो झाडपाला कागदावर काढायलाही शिकले. एखाद्या रोपाची ओळख पटेनाशी झाली की प्राध्यापक मंडळी पुस्तकं मिटून आप्पांचं चित्र शोधायची. निवृत्त झाल्यावर ते कोयनेच्या खोऱ्यातल्या आपल्या घरी परतले. शिकायला कुणी आलं तर नाही म्हणायचे नाहीत. त्यांचा नियम एकच होता. चहा झाला की ब्रश खाली. चित्र जिथे असेल तिथे संपलं, पुन्हा त्याला हात लावायचा नाही.

शर्वरी दातीर दहा वर्षांपूर्वी इथे दोन पावसाळे राहिली होती. हाताला वळण होतं, डोळा तेज होता आणि स्वतःबद्दलचं मत दोन्हींपेक्षा मोठं होतं.

त्या दुसऱ्या पावसाळ्यात ती एक नेचा काढत होती. चार दिवसांचं काम. शेवटची दोन पानं राहिली आणि आप्पांनी चहा आणला.

"दोन मिनिटं, आप्पा. दोनच पानं राहिलीत."

आप्पांनी तिच्या हाताखालून कागद काढला आणि भिंतीवर चार टाचण्यांनी लावून टाकला.

शर्वरी रडली, मग भडकली. अपुरं चित्र भिंतीवर लावून माझी शोभा करताय का, म्हणाली. सामान बांधलं आणि उंबऱ्यात उभी राहून ऐकवलं, "तुमचं एक रोप चार दिवस खातं. मी असं काही शिकेन की चार मिनिटांत जंगल उभं राहील."

"जा," आप्पा म्हणाले होते. "एसटी साडेचारला हाय."

बाई बोलल्याप्रमाणे वागली, हे तिचं मान्य करायला हवं. पुण्यात तिने फ्रॅक्टलचं तंत्र शिकून घेतलं. चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा आकार घ्यायचा आणि त्याला नियम घालून द्यायचा, की बाबा रे, तू स्वतःच्याच लहान लहान प्रती स्वतःला जोड, त्या प्रतींनीही तेच करावं, आणि त्यांच्या प्रतींनीही. एक रेघ फुटते, तिच्या रेघा फुटतात, आणि बघता बघता पडद्यावर नेचा डुलायला लागतो. चार मिनिटांत खरोखर जंगल उभं राहायचं. तिचं नाव झालं, स्वतःचा स्टुडिओ झाला.

आणि मग ही भिंत आली. याच खोऱ्यात एक नवं निसर्ग माहिती केंद्र उघडणार होतं. त्याच्या दालनाला तीस फूट लांब जंगल हवं होतं, ओढ्याकाठचं, नेच्यांनी भरलेलं. शर्वरीने जीव ओतला. नमुना दालनात लावला, दहा-बारा जणांना दाखवला. केंद्राचे प्रमुख नंतर फोन करून म्हणाले, "मॅडम, फार सुंदर आहे हो. पण त्याच्यासमोर उभं राहवत नाही. दोघातिघांना गरगरलं. काय होतंय ते आम्हालाही सांगता येत नाही."

तिने हिरवा रंग बदलला, उजेड बदलला, पानं वेडीवाकडी केली. लोकांना गरगरायचं ते गरगरतच होतं.

पंधरा दिवसांत आणखी एक गोष्ट झाली होती आणि ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. तिला झाडं दिसेनाशी झाली होती. कोथिंबीर निवडायला घेतली की ती फाटे मोजत बसायची. रस्त्यावरच्या चिंचेकडे पाहिलं की ही किती पातळ्यांची, हेच मनात यायचं. भिंत हातची जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती, की जे बघण्यावर आपण आजवर जगलो तेच आपल्याला सोडून गेलंय.

म्हणून ती आली होती. त्याच एसटीने, लॅपटॉप मांडीवर धरून.

आप्पांनी दगड नीट बसवला, हात झटकले आणि पडद्याकडे पाहिलं.

"ह्यो नेचा?"

"हो."

"झ्याक हाय. एक पान जवळ आण."

तिने झूम केलं. एक पान पडद्याभर झालं. ते पान म्हणजे आख्खा नेचाच होता.

"आन् आत?"

तिने आणखी झूम केलं. त्या पानाचं छोटं पान. तेही आख्खा नेचाच. तिला बरं वाटलं. हे पाहून भल्याभल्यांनी तोंडात बोट घातलं होतं.

"आन् आत?"

"आतही तेच, आप्पा. कितीही आत जा."

"चल की मग."

चौथी पातळी. पाचवी. आप्पा दर खेपेला तेच विचारत होते. सहावी. सातवी. शर्वरीची बोटं घामाने पडद्यावर सरकेनात. आठवी. नववीत नेचा विरघळला आणि हिरवे चौकोन तेवढे उरले.

"आन् आत?"

"आत काही नाही."

"म्हंजी संपला."

"संपला नाही. मी थांबवला. नऊच्या पुढे मशीन अडकतं."

आप्पांनी त्या हिरव्या चौकोनांवर बोट टेकवलं.

"बिचारा," ते म्हणाले.

"कोण?"

आप्पांनी घरामागच्या बांधाकडे बोट केलं. "तितं नेचा हाय. पाठीला पांढरी भुकटी असलेला. एक पान आण जा. पुरं झालेलं बघून आण."

चार वाजायला आले होते. ही काय पाला गोळा करायची वेळ आहे का, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण दुसरा उपाय तरी कुठे होता? ती उठली.

बांधावर नेचेच नेचे होते. तिने एक पान धरलं, तर त्याचं टोक अजून वळलेलंच होतं. दुसऱ्याचं टोक उलगडलेलं होतं, पण खालची पानं पिवळी पडायला लागली होती. तिसरं अळीने खाल्लं होतं. यातलं पुरं झालेलं कुठलं? ती घड्याळ बघत एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. शेवटी रडकुंडीला येऊन एक तोडलं आणि परतली.

"पुरं झालेलं सापडलं न्हाई, व्हय?"

"नाही."

"मलाबी सत्तर वर्सांत न्हाई. दे हिकडं."

आप्पांनी नखाने दाखवलं. हे पान. पानाला पानं. त्या पानांना खाचा. आणि खाचेनंतर साधी सपाट कड. नखाला पुढे जायला जागाच नव्हती.

"तीनच," शर्वरी हळू आवाजात म्हणाली.

"मोजू नगं. हात पुढं कर."

तिने हात पुढे केला. खोऱ्यातली पोरं गुरांमागे हिंडताना एकमेकांच्या हातावर नेच्याचं गोंदण काढतात, तसं आप्पांनी ते पान पालथं तिच्या हातावर ठेवलं आणि तळव्याने दाबलं. पान उचललं. मनगटाच्या वर पांढराशुभ्र नेचा उमटला होता. प्रत्येक खाच, प्रत्येक कड.

शर्वरी बघतच राहिली. किती दिवसांनी ती काही न मोजता बघत होती, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"आता तू काढ. त्याच पानाचं."

तिने त्याच्या शेजारी तेच पान दाबलं. दुसरा नेचा फिकट उमटला. टोकाची पानं आलीच नाहीत.

"अजून एक."

तिसऱ्या खेपेला नुसती धूसर रेघ आली. आणि चौथ्या खेपेला...

चौथ्या खेपेला हातावर काहीच आलं नाही. आप्पांनी ते पान तिच्या बोटांतून काढून घेतलं, पेपराच्या नव्या घडीत ठेवलं आणि वर दुसरा पेपर ठेवला.

"याचा अर्थ काय, आप्पा?"

"पानाला इचार. मी चुलीकडं जातो."

ते आत गेले. शर्वरी हातावरच्या तीन नेच्यांकडे पाहत बसली. एक ठळक, एक फिकट, एक जेमतेम. नजर पहिल्यावर गेली, दुसऱ्यावर सरकली, तिसऱ्यापाशी येऊन टेकली. तिथून पुढे तिला कुठे जायचंच नव्हतं.

तिच्या भिंतीवर नजरेला टेकायला जागा नव्हती.

तिने लॅपटॉप ओढला. नियमात नऊचे तीन केले. दर पातळीला रंग थोडा उतरेल, आकाराच्या टोकाची पानं थोडी गळतील असं घातलं. घाईत दोनदा चुकीचा आकडा पडला. चार वाजून वीस मिनिटांनी जंगल नव्याने उभं राहिलं. ती दोन पावलं मागे जाऊन ओसरीच्या खांबाला टेकली. तिला गरगरलं नाही. ओढ्याकाठी उभं राहावं तशी ती उभी राहिली.

एवढ्यावर पाठवून दिलं असतं तर ती शर्वरी कसली? उजव्या कोपऱ्यात, अगदी पुढे, एक जागा मोकळी वाटत होती. तिथे नियम लावावा असं तिला वाटेना. तिने डिजिटल पेन घेतलं आणि कितीतरी वर्षांनी हाताने नेचा काढायला बसली.

पान, पानाची पानं, खाचा. रेघ जमत होती आणि म्हणूनच भीती वाढत होती. आता हे बिघडता कामा नये. पाचाला पंचवीस कमी. पाचाला पंधरा. पुण्याहून स्टुडिओतल्या मुलीचे तीन फोन येऊन गेले. तिने उचलले नाहीत.

पाचाला दहा कमी असताना लॅपटॉपशेजारी एक कप येऊन बसला. वाफ पेनाला लागली.

शर्वरीने मान वर केली नाही. "दोन मिनिटं, आप्पा. दोनच पानं..."

ती थांबली.

समोरच्या भिंतीवर चार टाचण्यांत कागद होता. ओलीने पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला कसरीने खाल्लेला. आल्यापासून तिने मुद्दाम तिकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. दहा वर्षांपूर्वीचा नेचा होता. टोकाला दोन पानं नव्हती. आणि तो नुकताच उलगडत होता. उद्या सकाळी येऊन पाहिलं तर ती दोन पानं फुटलेली असतील, असं वाटत होतं.

हा आपणच काढला होता... तिला खरं वाटेना.

आप्पा आपला कप घेऊन जोत्यावर बसले होते. बांधाकडे बघत फुरकी मारत होते.

शर्वरीच्या हातात पेन होतं. दोन पानं. खरंच दोन मिनिटांचं काम. हात पडद्याकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. तीस फुटांची भिंत, त्यात सगळ्यात पुढे, लोकांच्या डोळ्यांसमोर, अर्धवट राहिलेला नेचा. तिचं नाव त्याच्या शेजारीच छापलं जाणार होतं.

तिने पेन खाली ठेवलं.

इंटरनेट तेवढं घराच्या पायरीवरच यायचं. ती लॅपटॉप घेऊन पायरीवर बसली आणि फाईल पाठवली. पाचाला तीन कमी असताना पोचल्याची खूण आली. आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

तिने कप तोंडाला लावला. चहा अजून गरम होता. हातावरच्या तीन नेच्यांपैकी तिसरा घामाने पुसला गेला होता.

पहिला घोट पोटात जातो न जातो तोच भीती पुन्हा वर आली.

"आप्पा, तो पुढचा नेचा अपुरा गेला."

"हं."

"उद्घाटनाला मोठमोठी माणसं येणार. तज्ज्ञ येणार. कुणीतरी बोट ठेवणारच. म्हणेल, बाई, याची दोन पानं कुठे आहेत? चारचौघांत विचारेल. मी काय सांगू?"

आप्पांनी बशीत उरलेला घोट संपवला. कप पालथा घातला.

"सांग, चहा झाला हुता."