खांद्यावरची बोटं

"ही कड नीट कशी कापायची, भंते?"

हर्षलानं पुठ्ठा पुढे ठेवला.

भंते शीलरत्न विहाराच्या ओसरीवर पतंगी कागदाच्या पताका कापत बसले होते. वय झालं होतं, पण हातातली कात्री अजून थरथरत नव्हती. त्यांनी ती खाली ठेवली आणि चष्मा वर सरकवला.

हर्षला गजभिये याच गावची. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती, आणि येत्या आठवड्यात कामासाठी जर्मनीला निघणार होती. आज ती आली होती थोरल्या बहिणीच्या, इंदूताईच्या, पहिल्या स्मृतिदिनासाठी. सकाळी वंदना झाली. लोकांनी फुलं वाहिली, खीर घेतली आणि आपापल्या घरी गेले. हर्षला मागे राहिली.

"हे काय आहे?"

"व्हिजन बोर्ड म्हणतात याला. आयुष्यात जे हवं, त्याची चित्रं कापून चिकटवायची. रोज सकाळी उठल्यावर बघायचं. मग आपण तिकडेच चालायला लागतो."

"कोणी सांगितलं?"

"आमचं शिबिर झालं होतं. मी पहिल्यांदाच करतेय. म्हणून जरा ओबडधोबड झालंय."

भंते पाहत राहिले. बर्फाच्छादित रस्ता होता. मोठ्या खिडकीचं एक पांढरं घर होतं. धावणारी बाई होती, विमानाचा पंख होता. कुठल्याशा जाहिरातीतून कापलेला 'भरारी' हा शब्द तिरका चिकटला होता.

आणि मधोमध हर्षलाचा स्वतःचा फोटो. नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हाचा. कोवळा चेहरा, सगळे दात दिसतील असं हसू.

डाव्या खांद्यावर चार बोटं होती. बोटांच्या मागे हात नव्हता. तिथून पुढे बर्फाचा रस्ता सुरू होत होता.

"हीच कड म्हणत होते," हर्षला म्हणाली. "घरी नखं कापायच्या कात्रीनं कापलं, त्यामुळे बोटं राहून गेली. तुमची कात्री बारीक आहे. तेवढी काढून द्या."

"बोटं कोणाची?"

"ताईची."

"मग काऊन काढायची?"

"शिबिरात सांगितलं होतं, मागचं काही ठेवायचं नाही. फक्त पुढचं." तिचा आवाज जरा चढला. "आणि भंते, तुम्हीच सांगता ना, धरून ठेवू नका म्हणून? मी तेच करतेय."



अंगणात कोणाची तरी शेळी येऊन पताकांच्या कागदाला तोंड लावू लागली. हर्षलानं उठून तिला हाकललं आणि परत येऊन बसली.

"हाच फोटो काऊन घेतला?" भंतेंनी विचारलं. "तुझे दुसरे असतील नं."

"खूप आहेत. पण मी अशी हसलेली एकातही नाही."

"आणि यात कशी हसलीस?"

"ताईनं हसवलं." हर्षला नकळत फोटोकडे वाकली. "भंडाऱ्याच्या स्टुडिओत काढला होता. मी आपली गंभीर होऊन बसले होते. फोटोवाला सारखा म्हणत होता, हसा, हसा. मागून ताईनं खांद्याला चिमटा काढला. म्हणाली, 'हास नं गं माय, असा चेहरा घेऊन गेलीस तर पेशंट पळून जातील.'"

बोलता बोलता ती हसली. मग हसू थांबलं.

"सकाळी तिच्या फोटोपुढे फूल ठेवलंस?"

"ठेवलं."

"फोटो पाहिलास?"

"पाहिला. ओळखू येत नव्हती ताई. सगळं धुरकट... कुठून आणला तो?"

"मतदार कार्डावरचा आहे. मोठा करून घेतला. गावात दुसरा मिळालाच नाही. घरोघर विचारलं आम्ही. लग्नांतले फोटो पाहिले, तिच्या अंगणवाडीतले पाहिले. मुलं होती, मुलांसमोरची ताटं होती, वाढणारी इंदू कुठेच नव्हती. कॅमेरा दिसला की ती बाजूला व्हायची. फोटोत काळी दिसते म्हणायची."

"हो. कधी उभीच राहायची नाही," हर्षला म्हणाली. "एकदाच फक्त मी तिला ओढून..."

ती थांबली.

भंते तिच्याकडे पाहत नव्हते. ते पुठ्ठ्याकडे पाहत होते.

"बाकीची इंदू कुठे आहे, पोरी?"



"फोटोचा उरलेला भाग... कापलेले सगळे कागद मी... पिशवीत भरून..."

"हं."

"कचऱ्याची गाडी येते सकाळी. तिच्यात टाकले, भंते. मासिकांच्या कपट्यांबरोबर. माझ्या लक्षातही आलं नाही. मी माझाच चेहरा बघत होते."

"दुसरी प्रत?"

तिनं मान हलवली. नव्हती.

आतून उदबत्तीचा वास येत होता. धुरकट फोटोसमोर मेणबत्ती अजून जळत असावी.

भंतेंनी कात्री उचलली, पुसली आणि मूठ तिच्याकडे करून पुढे धरली.

"घे. धार चांगली आहे. काढून टाक बोटं."

हर्षलानं हात पुढे केला नाही.

"मला येतं कापायला," भंते म्हणाले. "पण हे दुसऱ्यानं कापायचं नसतं."

तिनं कात्री घेतली. पुठ्ठा मांडीवर ओढला. टोक त्या बोटांपाशी नेलं. करंगळीच्या नखावर चुन्याच्या कणाएवढा पांढरा ठिपका होता. तो तिनं आजवर पाहिला नव्हता.

कात्री तशीच राहिली.

मग ती बोलू लागली. कोणी विचारलं नव्हतं.

"आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. ताईनं शाळा सोडली. लग्नाची स्थळं आली, तर हर्षूचं शिक्षण होऊ दे म्हणाली. मग स्थळं यायची थांबली. मला कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही."

भंते ऐकत होते.

"मागच्या वर्षी, जायच्या थोडे दिवस आधी, तिचा फोन आला. म्हणाली, दोन दिवस येतेस का, मला बरं वाटत नाही. मी विचारलं, ताप आहे का? म्हणाली, ताप नाही. मी म्हटलं, मग गोळी घे, आराम कर, माझी जर्मनची परीक्षा आहे. म्हणाली, बरं. परीक्षा नीट दे..."

तिनं कात्री मिटली.

"रोज पेशंटच्या आवाजावरून मी ओळखते, भंते. कोणाला दम लागतोय, कोण दुखणं लपवतंय. तिचा आवाज मी ऐकला होता. नीट ऐकला होता. तरी फोन ठेवला."

"आणि परीक्षा?"

"पास झाले."

कात्री तिच्या हातातून गळून ओसरीवर पडली. पुठ्ठा छातीशी धरून हर्षला रडू लागली. स्मशानात ती रडली नव्हती. सकाळच्या वंदनेतही नाही. 'मोठी धीराची पोर' असं बाया आपसांत म्हणाल्या होत्या.

भंतेंनी तिला रडू दिलं. एक पताका पूर्ण केली. दुसरी घेतली, पण कापली नाही. ती तशीच मांडीवर ठेवून बसले. त्यांचेही डोळे ओले झाले होते. इंदूला शेवटचं त्रिसरण त्यांनीच ऐकवलं होतं. तेव्हा तिचे डोळे दाराकडे होते. ते त्यांनी हर्षलाला कधी सांगितलं नाही. आजही सांगितलं नाही.

ऊन ओसरीवरून खाली उतरलं.

हर्षलानं चेहरा पुसला. अश्रूंनी 'भरारी'चा कागद एका बाजूनं सुटला होता. तिनं तो परत दाबला नाही.

"भंते..."

"बोल."

"ताईनं मला माफ केलं असेल का?"

भंतेंनी पुठ्ठा तिच्या हातातून घेतला. उजेडाकडे धरला. डोळ्यांजवळ आणला. बराच वेळ पाहत राहिले.

मग म्हणाले,

"हात तर तिनं काही काढलेला दिसत नाही."