तबला एका घरी, डग्गा दुसऱ्या घरी

भांडण कुठवर जावं? हेरंब आणि वसुधा कर्णिक वेगळे झाले तेव्हा घरातली एकूण एक वस्तू निम्मी निम्मी वाटली. लेक शाल्मली तबला शिकायची; तर तबला बापाने नेला आणि डग्गा आईने! आता कुटुंब न्यायालयात वाटणी शाल्मलीची होती.

हेरंबचे वकील राजाध्यक्ष कोट सावरत उठले. "मॅडम, सध्या चाललंय तसंच राहू द्या: तीन दिवस आईकडे, तीन दिवस बाबांकडे, रविवार अर्धा अर्धा. पोरांना काय, दप्तर उचललं की झालं! आठवड्यात सवय होते."

न्यायाधीश काणेकरबाई शाल्मलीकडे वळल्या. "तुला झाली का गं सवय?"

"नाही. 'धा' वाजवायला तबला-डग्गा एकदम लागतो. आता कुठल्याच घरी 'धा' वाजत नाही."

बाई म्हणाल्या, "मग ठरलं. शाल्मली, तबला आणि डग्गा एकाच घरात राहतील. आईबाबांनी बॅग भरून आळीपाळीने तिथे राहायला यायचं."

"अहो, हा कसला न्याय!" राजाध्यक्ष कडाडले. "माझ्या अशिलाने दर तीन दिवसांनी बॅग उचलायची?"

"का बरं? आठवड्यात सवय होते ना?"

"छे! माणसाला स्वतःचं असं एक घर लागतं, मॅडम!"

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "शाल्मलीही माणूसच आहे."

राजाध्यक्ष मटकन खाली बसले. आणि हेरंब? तो तबला आणायला धावत सुटला होता!